ओझेलाचा मुकुट पाण्यात

ओझेला मॅब्रीला आवाज देताना देवानं हात सैल सोडला होता. स्वतःविषयीची खात्री देतानाही सोडला होता. अक्कल वाटायची वेळ आली तेव्हा मात्र त्याला आतून कुणीतरी जेवायला हाक मारली असावी, असं ती स्वतःच सांगायची आणि आपल्याच मांडीवर थाप मारून हसायची.

जॉर्जियात, पीचच्या बागांच्या त्या मुलखात, फोर्ट व्हॅली गावात तिला ओळखत नाही असा काळा माणूस नव्हता. गोऱ्यांपैकीही पुष्कळांना तिचा आवाज भिंतीपलीकडून का होईना, ठाऊक होता.

तिच्या धंद्याची सुरुवात झाली ती मावशीच्या कानापासून. आईच्या चुलीवर लोखंडी फणी तापवून तिनं विनीमावशीचे कुरळे केस सरळ करायला घेतले. वय कोवळं, हात कच्चा, आणि तोंडाची टकळी चालू. बोलण्याच्या नादात फणी कानाला लागली. मावशी तो भाजलेला कान गावभर दाखवत फिरली. "बघा गं, कार्टीनं काय केलं ते!" बायका कान बघायला वाकायच्या आणि केस बघून तिथंच थबकायच्या. असे रेशमासारखे सरळ केस त्या गल्लीत कुणाचे झाले नव्हते. पुढच्या शनिवारी आईच्या दारात बायकांची रांग, प्रत्येकीनं कानाला रुमाल गुंडाळलेला. "माझा धंदा काही हुशारीनं उभा राहिला नाही," ओझेला म्हणायची, "मावशीच्या चहाड्यांवर राहिला."

मग लग्न झालं, क्लिओफसशी. तो रेल्वेच्या गोदामात मालाची चढउतार करायचा. माणूस सरळ, बोलायला कमी आणि तिशीतच टक्कल पडलेला. "साऱ्या गावाच्या केसांची काळजी वाहणारीला नवरा मिळाला तो असा," लोक म्हणायचे. ओझेला म्हणायची, "घरी आल्यावर तरी काम नको."

पुढं तिनं पार्लर काढलं. दोन खुर्च्या, एक आरसा, आणि शेजारी मासे तळायचं दुकान. तिथून बाहेर पडलेली बाई लांबून राणीसारखी दिसायची आणि जवळ आली की तळलेल्या मासळीचा वास मारायची. कुणी नाक मुरडलंच तर ओझेला म्हणे, "नवरा मागं मागं येतो की नाही बघ. केसांमुळं नाही आला तर भुकेमुळं येईल." कधी शवपेटीवाल्या क्रचफील्डसाहेबांचं बोलावणं आलं, तर शेवटच्या प्रवासाला निघालेल्या बायांचे केसही तीच विंचरी. त्या कामाला ती फार खुशीनं जात नसे. गिऱ्हाईक हूं की चूं करत नाही म्हटल्यावर तिला बोलायला मजा येत नसे.

रेडिओवर ती गेली ती अशीच, काही ठरवून नव्हे. टायरच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत आपल्या लोकांचं रेडिओ स्टेशन होतं. चर्चच्या जेवणाची सूचना द्यायला ती एका रविवारी सकाळी जिना चढून गेली. निवेदकाचा घसा बसला होता. त्यानं खुणेनं सांगितलं, तुम्हीच वाचा. तिनं सूचना वाचली. मग जेवणात काय काय आहे ते सांगितलं. मग कोंबडी कोण तळणार, आणि मागच्या वेळी कुणी तळली होती आणि ती कच्ची कशी राहिली होती, तेही सांगितलं. स्टेशनचे मॅनेजर वेंडेल स्ट्राउड धावत आले तोवर लोकांचे फोन वाजायला लागले होते. त्या दिवशी तिच्या हाती दिलेला माईक परत घेणं त्यांना पुढची बारा-तेरा वर्षं जमलं नाही.

'सिस्टर ओझेलाची पंधरा मिनिटं' असं त्या कार्यक्रमाचं नाव. चर्चला जायच्या आधी, चुलीवर ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या रव्याची पेज, शिजत असताना घराघरांत तो लागायचा. त्यात केसांची निगा असे, पण ती तोंडी लावण्यापुरती. खरं काम वेगळंच. कुणाच्या बाळाला पाळणा हवाय, कुणाकडं जुना पडलाय. मत द्यायला जायचंय आणि गाडी नाही, अशा म्हाताऱ्यांसाठी कोण गाडी काढणार. कोण आजारी आहे, कोण घराबाहेर पडू शकत नाही. ओझेला नावं घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत त्या दारात कुणीतरी झाकलेली थाळी घेऊन उभं असायचं.

नावांत पहिलं नाव हॅटीमायचं. हॅटीमाय ब्लेडसो म्हणजे चर्चमधली सगळ्यांत जुनी बाई. डोळे गेलेले, पाय गेलेले, कान मात्र असे की शेजारणीनं साखर जास्त घातली तरी ऐकू यावं. एके काळी तिच्यासारख्या टोप्या साऱ्या चर्चमध्ये कुणाच्या नसत. म्हणून कार्यक्रमाच्या शेवटी ओझेला खास तिच्यासाठी मागच्या रविवारी चर्चमध्ये कुणी कुठली टोपी घातली होती ते सांगायची. रंग, पिसं, जाळी, फुलं, सगळं. "तू नाव घेतलंस की मला कळतं मी अजून आहे," हॅटीमाय म्हणायची. "आणि टोप्या सांगितल्यास की वाटतं, असण्यात अजून मजा आहे."

असं सगळं बरं चाललं होतं. मग पोरींनी केस सरळ करणंच सोडलं. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. जी ती देवानं दिलेले कुरळे केस डोक्याभोवती गोल वाढवून, मान ताठ करून हिंडायला लागली. ओझेलाला ते दिसायला आवडायचं, ही तिची पंचाईत. "सुंदर दिसतायत गं," ती हळहळायची, "आणि मी उपाशी मरतेय." पार्लरमधली एक खुर्ची रिकामी राहू लागली. त्याच सुमाराला कार्यक्रमाला जाहिरात देणारं फर्निचरचं दुकान बंद पडलं.

स्ट्राउडनी तिला बोलावून घेतलं. "ओझेलाबाई, तुमच्यावर माझा राग नाही. पण जाहिरात नसेल तर ती वेळ मी कुणाला तरी विकणार. ईस्टरपर्यंत थांबतो. तोवर जाहिरात देणारा आणा."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर एक पाद्री मागतोय ती वेळ. मेकन शहरातला. पैसे रोख देतो."

"आणि हॅटीमाय?"

"तिला म्हणावं, त्याचं प्रवचन ऐक."

"तिनं त्याच्या बापाचं ऐकलंय," ओझेला म्हणाली. "तेव्हाच तिचे डोळे गेले असतील."

ती तडक क्रचफील्डसाहेबांकडं गेली. लेम्युएल क्रचफील्ड म्हणजे उंच, वाळका, बारा महिने काळा कोट. चर्चमधल्या प्रत्येक बाकावर त्यांच्या नावाचे पुठ्ठ्याचे पंखे असायचे आणि उन्हाळ्यात अख्खं चर्च त्यांच्या धंद्यानं वारा घ्यायचं.

"ओझेलाबाई, माझी जाहिरात पंख्यांवर होते," ते सावकाश म्हणाले. "लोक गरम होतं तेव्हा माझं नाव हातात धरतात. रेडिओवर मी कशाला ओरडू? माझ्याकडं यायची कुणालाच घाई नसते."

ओझेला घरी आली ती पाय आपटत. क्लिओफस टेबलाशी बसून मक्याच्या पावावर पीचचा जॅम लावत होता. बरणीवर हवा लागू नये म्हणून पांढऱ्या मेणाचा थर ओतलेला, तो त्यानं चाकूनं अलगद उचलला. खाली जॅम मागच्या उन्हाळ्यात होता तसाच. ओझेला बघतच राहिली.

"क्लिओफस, हे मेण."

"हं."

"हवा लागू देत नाही. पाणी लागू देईल का?"

क्लिओफसनं पाव खाली ठेवला. ओझेलाच्या डोळ्यांतली ती चमक त्यानं याआधीही पाहिली होती, आणि दर वेळी घराला नवीन पडदे तरी लागले होते किंवा आग तरी.

फणीनं सरळ केलेल्या केसांचा शत्रू एकच, पाणी. थेंब पडला, घाम आला, नुसता दमट वारा सुटला, की केस मूळपदावर. त्या बायकांनी उभी हयात पाण्यापासून डोकं वाचवण्यात घालवलेली. मेण लावून पाणी अडवता आलं तर? ओझेलानं एरंडेल घेतलं, मधमाशांचं मेण घेतलं, जॅमवरचं मेण घेतलं, वासाला थोडा गुलाब, आणि जेवणाच्या पातेल्यात सगळं एकत्र वितळवलं. त्या पातेल्यातल्या भाजीला पुढं कायमचा गुलाबाचा वास राहिला. स्वतःच्या केसांना ते मलम लावून तिनं वरून पेल्यानं थोडं पाणी शिंपडलं. पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं खाली आलं.

"बघ! बघ!" ती ओरडली. "क्लिओफस, मी श्रीमंत झाले!"

"बादलीत डोकं घालून बघ की."

"बादलीत? मी काय बदक आहे?"

हे वाक्य तिला पुढं जन्मभर आठवलं. "माझ्या सगळ्या धंद्याचा हिशेब त्या एका बादलीत होता," ती म्हणायची, "आणि मी तिला लाथ मारली."

मलमाचं नाव ठेवलं 'ओझेलाचा मुकुट'. स्ट्राउडनाही कल्पना आवडली. आसपासच्या गावांतल्या दुकानदारांनी ते मागवलं तर त्या विक्रीतून ओझेला स्वतःच आपल्या कार्यक्रमाची जाहिरातदार होणार होती. म्हणजे पंधरा मिनिटं वाचणार, हॅटीमायचं नाव राहणार, टोप्या राहणार. एवढं सगळं त्या बरणीवर येऊन ठेपलं. रविवारी माईकपुढं बसून ओझेलानं मुकुटाचं कौतुक सुरू केलं आणि नेहमीप्रमाणे तिची जीभ तिच्या पुढं दहा पावलं पळाली.

"भगिनींनो, घाम विसरा! धुकं विसरा! माझा मुकुट लावून बाप्तिस्म्याच्या टाकीत बुडालात तरी केस जसे गेले तसे बाहेर येतील!"

फोन लागलीच वाजला. व्हर्लीन गॅड्सडेन. पलीकडच्या रस्त्यावरचं पार्लर तिचं, आणि चर्चच्या दारात लोकांना जागा दाखवणाऱ्या बायकांची प्रमुखही तीच. तिची आणि ओझेलाची मैत्री जुनी होती आणि भांडण त्याहून जुनं.

"सिस्टर ओझेला," ती गोड आवाजात म्हणाली, आणि तो आवाज सगळ्या गावाला ऐकू येत होता, "ईस्टरला पहाटे चर्चमागच्या टाकीत बाप्तिस्मे आहेत. माझी नात रेनिटा आहे त्यात. केस भिजू नयेत म्हणून पोरी घालतात त्या रबरी टोप्या मी त्या दिवशी घरीच ठेवते. तुझा मुकुट घालूनच उतरू दे पोरींना."

दुसरी कुणी असती तर हसून विषय टाळती. ओझेला म्हणाली, "आणि मी टाकीच्या काठावर माईक घेऊन उभी राहते! सगळ्यांना सांगते!"

स्ट्राउडनी काचेपलीकडून खुशीनं दोन्ही हात वर केले. जाहिरातीसाठी याहून चांगलं काय असणार? दुकानदारांना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, ईस्टरच्या पहाटे रेडिओ लावा.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. पार्लरमध्ये बायका दिवसभर एकच विचारायच्या, "ओझेला, नक्की ना?" ती म्हणायची, "नक्की!" आणि प्रत्येक 'नक्की' आधीच्याहून मोठ्यानं. बादली न्हाणीघरात होती. ओझेला तिच्याकडं बघायचं टाळून बाहेर पडायची. बघितलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर सांगावं लागलं असतं. न बघता आशा धरणं हा तिचा जुना शिरस्ता होता.

ईस्टरच्या आदल्या दिवशी तिनं सगळ्या पोरींचे केस सरळ केले आणि त्यांवर मुकुटाचा असा थर दिला की पोरी मान हलवत तेव्हा केस एकाच तुकड्यात हलत.

"मावशी, डोकं जड झालं," रेनिटा म्हणाली.

"मुकुट जडच असतो, बाळ."

क्लिओफस दारात उभा होता. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "मीही उतरतोय उद्या."

"कशात?"

"टाकीत. पाद्रीबाबांना सांगून आलो."

ओझेलाच्या हातातली फणी तशीच राहिली. उभ्या संसारात तिचं त्याच्या कानीकपाळी ओरडून झालं होतं की बाप्तिस्मा घे, आणि उभ्या संसारात तो म्हणाला होता की पाणी गार असतं.

"आता का?"

"त्या टाकीतून कुणीतरी जसं गेलं तसं बाहेर यायला हवं," क्लिओफस म्हणाला आणि आपल्या टकलावरून हात फिरवला.

ईस्टरची पहाट गार होती. चर्चमागच्या सिमेंटच्या टाकीभोवती सगळं गाव उभं. बायकांच्या डोक्यावर नव्या टोप्या, पोरींच्या अंगात पांढरे झगे. रेव्हरंड डुप्री कमरेएवढ्या पाण्यात उतरून दात वाजू नयेत म्हणून मोठ्यानं प्रार्थना म्हणत होते. त्यांच्या डोक्यावर मागं वळवलेल्या केसांच्या सुरेख लाटा होत्या. त्या लाटा जन्मजात आहेत असं सगळं चर्च मानत होतं. दर शुक्रवारी पार्लरच्या मागच्या दारानं कोण येतं ते फक्त ओझेलाला माहीत होतं. त्या शुक्रवारी तर त्यांनी नवीन मलमही मागून घेतलं होतं.

व्हर्लीन काठावर हाताची घडी घालून उभी. क्रचफील्डसाहेब मागं, काळ्या कोटात. ओझेलाच्या हातात माईक, माईकची तार चर्चच्या खिडकीतून आत टेलिफोनपर्यंत गेलेली. दुकानदार ऐकत होते. हॅटीमाय ऐकत होती.

लोकांनी गाणं धरलं. पहिली रेनिटा उतरली. पाद्रीबाबांनी एक हात तिच्या पाठीला लावला, एक कपाळाला, आणि तिला मागं झुकवून पाण्यात बुडवलं. पाण्यावर तेलाचा एक मोठा गोल तवंग पसरला आणि सकाळच्या उजेडात रंगीबेरंगी चमकला. रेनिटा वर आली.

गाणं थांबलं.

पोरीच्या डोक्याची डावी बाजू चिकटवल्यासारखी सपाट होती. उजवी बाजू मूळपदावर येऊन वर उसळली होती, आणि गार पाण्यानं थिजलेल्या मेणाचे पांढरे तुकडे तिच्यात खोबऱ्याच्या किसासारखे अडकले होते.

सगळे ओझेलाकडं बघत होते. व्हर्लीनसुद्धा गप्प. नातीच्या बाप्तिस्म्यात ओरडायची नाही, एवढी ती चर्चची होती. आणि ओझेलाच्या ध्यानात आलं की ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच काही दिसत नाहीये. दुकानदारांना नाही, स्ट्राउडना नाही. तीन शब्द बोलले की झालं: केस जसेच्या तसे. पंधरा मिनिटं वाचली.

"बंधूंनो, भगिनींनो," ती म्हणाली, "रेनिटा पाण्यातून वर आलीय, आणि तिचे केस..."

जीभ, जी आजवर कधी थांबली नव्हती, ती तिथं थांबली.

पलीकडं उशाशी रेडिओ घेऊन हॅटीमाय पडली होती. तिला जग दिसायचं ते या तोंडातून. आज हे तोंड केसांबद्दल खोटं बोललं, तर इतक्या वर्षांच्या त्या टोप्यांचं काय? ती निळी जाळी, ती मोराची पिसं, ते सगळं खरंच होतं, हे त्या म्हातारीनं कशावरून धरायचं?

"मावशी, कसे दिसतायत?" रेनिटानं पाण्यातूनच विचारलं आणि हात डोक्याला लावला. हात चिकटला.

"अगं बाळे," ओझेला माईकमध्ये म्हणाली, "काय सांगू! लोकहो, पोर देवाघरची झालीय, पण केस माझ्या घरचे झालेत. एक बाजू इस्त्री केल्यासारखी, दुसरी कोंबडीनं अंडी घालायला बसावं अशी. वर मेणाचा बर्फ. रेनिटा सुंदर आहे, तिचे डोळे हसतायत, दोष सगळा माझा. मी सांगितलं होतं ते खोटं ठरलं. क्लिओफस म्हणाला होता बादलीत डोकं घाल. मी म्हणाले, मी काय बदक आहे? हॅटीमाय, बदक बरं गं. बदकाला निदान माहीत असतं पाणी म्हणजे काय."

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा काठ हसला. व्हर्लीननं हाताची घडी सोडून तोंडावर रुमाल धरला. पुढच्या पोरी एकेक करून उतरल्या आणि ओझेलानं एकेक डोकं जसं होतं तसं सांगितलं. पाण्यावर तेल इतकं साचलं की शेवटच्या पोरीला वर उचलताना पाद्रीबाबांचे हात सटकले, पाय सटकले, आणि पोर उभी राहिली पण पाद्रीबाबाच दिसेनासे झाले. ते वर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावरच्या लाटा ओसरल्या होत्या. त्यांच्या जागी कुरळ्या केसांचं दाट जंगल उभं होतं, मेणाच्या ठिपक्यांसह.

पाद्रीबाबांनी ओझेलाकडं एकदा पाहिलं, आणि त्या नजरेत प्रार्थना होती.

"पाद्रीबाबा पाण्यात उतरलेत," ओझेला शांतपणे माईकमध्ये म्हणाली, "आणि चांगले खोल उतरलेत."

शेवटचा क्लिओफस. गार पाण्यानं त्याचा चेहरा असा झाला की बघवेना. पाद्रीबाबांनी त्याला या वेळी झग्याला घट्ट धरून बुडवलं आणि वर काढलं. टकलावरून पाणी निथळलं, ऊन पडलं, टक्कल चमकलं.

ओझेलानं माईक तोंडाशी धरला. "आणि माझा नवरा," ती म्हणाली, "जसा गेला तसा बाहेर आला. लोकहो, एका डोक्यावर तरी मुकुट टिकला."

नंतर चर्चच्या तळघरात नाश्ता होता. स्ट्राउडचा फोन तिथंच आला. "ओझेलाबाई, मी इतका हसलो की पोट दुखलं. पण एकाही दुकानदाराचा फोन नाही. पुढच्या रविवारी लोकांचा निरोप घ्या."

ती फोन ठेवून वळली तर मागं क्रचफील्डसाहेब. हातात त्यांचाच पंखा.

"ते मलम," ते म्हणाले, "अजून आहे?"

"पिंपभर. का, शवपेट्यांना पॉलिश करायचंय?"

"ओझेलाबाई, माझी गिऱ्हाइकं घाम गाळत नाहीत. पोहत नाहीत. भर उन्हाळ्यात पेटी उघडी ठेवून तासन्तास प्रवचन चालतं, आणि दमट हवेनं केस बिघडतात तेव्हा घरची माणसं माझ्याकडं बघतात. तुमचं मलम हवेला पुरेल. मी सगळं घेतो. आणि तुमची पंधरा मिनिटंही."

"पंख्यांचं काय?"

"पंख्यांवरून आज मला कुणी हसवलं नाही."

ओझेलाला आनंद व्हायला हवा होता. झाला तो अपमान. राणीचा मुकुट म्हणून जे काढलं ते मढ्यांच्या डोक्याला! आणि ते दर रविवारी स्वतःच्या तोंडानं साऱ्या गावाला सांगायचं, व्हर्लीनलाही! "विचार करून सांगते," ती ताठ मानेनं म्हणाली, जशी काही दारात दुसरी दहा माणसं उभी होती.

थाळी झाकून घेऊन ती हॅटीमायकडं गेली. अंडी, हॅम, रताळ्याच्या गोड पाईचा मोठा तुकडा. म्हातारी उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर हसून हसून आलेला थकवा.

"कोंबडीनं अंडी घालावी अशी?" तिनं विचारलं.

"अगदी तशी, माय."

"मला दिसली." हॅटीमायनं हात पुढं करून थाळी चाचपली. "आता पुढच्या रविवारी काय सांगणार आहेस?"

ओझेलानं क्रचफील्डसाहेबांचं म्हणणं सांगितलं. नाक वर करूनच सांगितलं. हॅटीमायनं शांतपणे पाईचा तुकडा खाल्ला, बोटं चाटली.

"मग माझ्या केसांना तेच लाव," ती म्हणाली. "वेळ आल्यावर. मला कुठं पोहायला जायचंय?"

"माय!"

"आणि वरून टोपी. जांभळी. नीट सांग हं सगळ्यांना रेडिओवर, कशी दिसते ते. ती वेळ दुसऱ्या कुणाला विकू दिलीस, तर मेकनचा तो पाद्री माझी टोपी सांगणार आहे का?"

पुढच्या रविवारी ग्रिट्स शिजत असताना घराघरांत रेडिओ लागले. ओझेलानं घसा साफ केला. टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत काचेपलीकडं स्ट्राउड आधीच ओठ दाबून बसले होते.

"सिस्टर ओझेलाची पंधरा मिनिटं," ती म्हणाली, "तुमच्यापुढं आणली आहेत क्रचफील्ड अंत्यविधी सेवेनं, आणि ओझेलाच्या मुकुटानं. मुकुट लावणाऱ्या एकाही गिऱ्हाइकानं आजवर तक्रार केलेली नाही. हॅटीमाय ब्लेडसो, अजून घरीच आहे, अजून बरी आहे, आणि तिला मुकुट नकोय, अजून नकोय. आता टोप्या. पाद्रीबाबांनी मागच्या रविवारपासून टोपी घालायला सुरुवात केलीय. करड्या रंगाची, रुंद काठाची. का, ते विचारू नका."

फोन वाजला. व्हर्लीनच असणार. ओझेलानं उचलला नाही, कारण अजून टोप्या बऱ्याच राहिल्या होत्या.